काकांची मॉझर

घोलवडच्या बाजूला चिकूची मोठी वाडी असलेले एक इराणी काका आहेत. वय ऐंशीच्या पुढे, मुलं कॅनडात, गुडघे रुसलेले. स्मरणशक्ती मात्र वकिलाची. त्यांच्या वडिलांनी इंग्रजांच्या अमदानीत मुंबईहून आणलेली एक शिकारी रायफल त्यांच्याकडे आहे, परवान्यावर, रीतसर. आता त्यांना ती कुणा भरवशाच्या माणसाकडे सोपवायची आहे. "मास्तर, तूच घेऊन टाक नी," एवढंच ते म्हणाले आणि माझा अख्खा पावसाळा त्यात गेला. मी शाळेतून निवृत्त झालेला माणूस. तळासरीकडे थोडी शेती, थोडी आंब्याची कलमं. घ्यावी की न घ्यावी, हे ठरवता ठरवता जे जे ध्यानात आलं, ते लिहून ठेवतोय.

१. सांगायचं कारण आणि खरं कारण यांची सहसा गाठ पडत नाही.

सांगायचं कारण माझ्याकडे तयार होतं: रानडुकरं. रताळ्याचा वाफा ती एका रात्रीत नांगरून देतात, आणि नांगरट फुकट असली तरी परवडत नाही. खरं कारण मात्र चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी शाळेच्या वाचनालयात वाचलेल्या जिम कॉर्बेटच्या शिकारकथांमध्ये होतं. बायकोला ते माझ्याआधी कळलं. "अहो, घरात उंदीर निघाला तर तुम्ही पलंगावर चढता," ती म्हणाली. परवान्याच्या अर्जात हत्यार कशासाठी हवं ते लिहावं लागतं: स्वसंरक्षण, नेमबाजी, पिकाची राखण. 'हौस' असा रकाना नाही. मी तो दोन्ही बाजूंनी शोधला.

२. जुनी रायफल बाहेरून पाहायची नसते, आणि पहिल्या दिवशी तर आपण फक्त बाहेरूनच पाहतो.

काकांनी स्टीलच्या कपाटाचं कुलूप काढलं, कापडी खोळ उतरवली आणि बोल्ट मागे ओढून चेंबर रिकामं असल्याचं आधी स्वतः पाहिलं, मग मला दाखवलं, मगच ती माझ्या हातात दिली. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, हाताच्या घामाने काळपट झालेला. पकडीच्या जागची जाळीदार नक्षी अंगठ्याखाली झिजून गुळगुळीत. नळीवर मुकुटाचे बारीक ठसे, म्हणजे विलायतेत दाब देऊन तपासून घेतल्याची खूण. बोल्ट पुढे सरकवून खाली दाबला की जो आवाज होतो, त्या आवाजाला मी तिथल्या तिथे पैसे मोजले असते.

काकांनी मोजू दिले नाहीत. बोल्ट काढून घेतला, नळीच्या मागच्या तोंडाशी पांढरा पुठ्ठा धरला आणि म्हणाले, "आता बघ." पुढून पाहिलं तर पीळ स्वच्छ, चकचकीत वळत गेलेले. पण मागच्या बाजूला, काडतूस बसतं त्याच्या जरा पुढे, धातूवर देवीचे व्रण असावेत तशी बारीक खड्ड्यांची पट्टी. त्या काळच्या काडतुसांच्या टोपीतल्या मसाल्यातून मिठासारखा क्षार नळीत मागे राहायचा. तो क्षार हवेतलं पाणी ओढून घेतो, तेलाने निघत नाही, उकळत्या पाण्यानेच धुवावा लागतो. शिकारीहून रात्री उशिरा परतल्यावर पाणी तापवण्याचा कंटाळा काकांच्या वडिलांनी कधीकधी केला असणार. त्यात आमची समुद्रकाठची खारी हवा. बोर्डी-डहाणूकडे खिडकीचे गज टिकत नाहीत, तिथे नळीने तरी काय करावं?

विकणाऱ्याने स्वतःहून खोट दाखवावी, याची मला सवय नव्हती. दस्त्याच्या मनगटाशी एक केसाएवढा तडा आहे, तोही त्यांनीच नखाने दाखवला. मी वापरलेली मोटरसायकल घेतली तेव्हाचा अनुभव याच्या अगदी उलट होता, असो.

३. पैसे असले म्हणजे बंदूक मिळते, हा समज सिनेमाने करून दिलेला आहे.

आधी माणसाला परवाना, मग परवान्याला हत्यार. अर्ज जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे आमच्यासाठी पालघरला. मग पोलिसांची चौकशी. २०१६ च्या नियमांनंतर सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला. विकणाऱ्यानेही गप्प बसून चालत नाही: आपण कुणाला विकतोय ते त्याने लेखी कळवायचं, आणि कळवल्यावर किमान ४५ दिवस थांबायचं. काकांना हे कलमवार पाठ. २०१९ मध्ये शस्त्र कायदा बदलला आणि एका माणसाकडे तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवायची मुभा उरली, तेव्हा त्यांनी एक रिव्हॉल्व्हर सोडून दिलं होतं. सत्तरी ओलांडलेल्या, किंवा पंचवीस वर्षं हत्यार बाळगलेल्या माणसाला हयातीतच ते वारसाच्या नावे करता यावं, अशीही सोय नियमांत आहे. फक्त वारस टोरांटोत बसून बर्फ उपसतोय, त्याला कायदा काय करणार?

हे सगळं ऐकून मी वैतागेन असं मला वाटलं होतं. उलट बरं वाटलं. पंचेचाळीस दिवसांत माणसाच्या डोक्यातला कॉर्बेट बराच शांत होतो.

४. रायफलीची किंमत रायफलीत नसते, काडतुसात असते.

ही आहे सेव्हन एम.एम. मॉझर. मॉझरच्या जर्मन सांगाड्यावर इंग्रज कारागिरांनी बांधलेली. ते लोक या बोअरला .२७५ म्हणायचे. "कॉर्बेटची बोअर," काका म्हणाले, आणि विक्रीसाठी त्यांनी टाकलेला पत्ता तो एवढाच. खोटं काही नाही. १९०७ साली चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी कॉर्बेटला भेट दिली ती रिग्बी कंपनीची .२७५ च.

पण कॉर्बेटला काडतुसं मिळत होती. आपल्याकडचे सरकारी कारखाने .३१५ ची करतात, बारा बोअरची करतात; या बोअरची करत नाहीत. आणि १९८० च्या दशकाच्या मध्यापासून साध्या परवानाधारकाला परदेशी हत्यार आणायची वाट बंद आहे. म्हणूनच तर जुन्या विलायती बंदुकांचे भाव आपल्याकडे त्यांच्या मायदेशाहूनही चढे असतात. काकांकडे एका पत्र्याच्या डब्यात मूठभर जुनी काडतुसं आहेत, नोंदवहीत लिहिलेली. ती उडतील की फुसकी निघतील, हे ती उडवल्यावरच कळेल. आणि उडवली की संपली.

बोअरचे हे आकडे एवढे विचित्र का, हे शोधताना मी भलतीकडेच पोचलो आणि तिथेच रमलो. १८५७ च्या उठावाचा धसका साहेबाच्या मनातून गेला नव्हता. लिटनच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याची सक्ती केली, गोऱ्याला सूट दिली. पुढे १९०७ मध्ये .४५० बोअरवरच बंदी घातली. कारण काय, तर शिकाऱ्यांची काडतुसं बंडखोरांच्या हाती पडली तर त्यांतल्या गोळ्या जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुकांना उपयोगी पडायच्या. झालं, विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी केसाएवढा फरक करून .४६५, .४७० अशा नव्या बोअर काढल्या. आपल्या ईशापूरच्या कारखान्याची .३१५ ही त्याच घरातली: लष्कराची थ्री नॉट थ्री साध्या माणसाच्या हाती नको, म्हणून. थ्री नॉट थ्री आजही निषिद्धच आहे. साहेब गेला, भीती आपण वारसाहक्काने ठेवून घेतली. ती अगदीच निराधार आहे असंही मी म्हणणार नाही.

५. शिकारीची रायफल घेणारा माणूस, मारायला काहीच नाही हे सगळ्यात शेवटी लक्षात घेतो.

१९७२ चा वन्यजीव कायदा सगळ्यांना ठाऊक असतो. तरी काही प्राण्यांसाठी शिकारीचे परवाने त्यानंतरही मिळत. १९९१ च्या दुरुस्तीने तेही गेले. आमच्याकडे १९९१ हे साल दुहेरी लागू आहे, कारण त्याच वर्षी जूनमध्ये केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला. चिकू, ससे आणि भेकरं एकदमच संरक्षणाखाली आली म्हणायची.

उरलं रानडुक्कर. पिकाचं नुकसान करणाऱ्या डुकरासाठी वनखात्याची लेखी परवानगी मिळू शकते. पण ती मिळाली तरी सेव्हन एम.एम. हे त्याचं हत्यार नव्हे. ही गोळी चुकली तर कोस-दीड कोस जाते. डोंगरात, मागे कडा असताना ठीक आहे. माझ्या शेताच्या मागे कडा नाही, पाडा आहे. पहाटे ताडावर चढलेला माणूस आहे, लाकूडफाट्याला निघालेल्या बाया आहेत, आश्रमशाळेच्या वाटेवरची पोरं आहेत. माळ्यावर बसून अंधारात हलणाऱ्या झुडपावर मी नेम धरलाय, हे चित्र एकदा नीट डोळ्यांपुढे आणलं आणि हाताला घाम फुटला. शिवाय मारलेलं डुक्कर सरकारजमा. म्हणजे गोळी माझी, रात्र माझी, रताळी माझी आणि डुक्कर सरकारचं.

शेजारच्या वारली शेतकऱ्याने बांधाभोवती जुन्या साड्या बांधल्यात. पलीकडच्याने झटका मशीन लावलंय, सौरऊर्जेवरचं. दोघांचीही रताळी माझ्यापेक्षा बरी आहेत.

६. एकच शिकार दोन बाजूंनी ऐकली की तिच्या दोन गोष्टी होतात.

काकांची गोष्ट मला तोंडपाठ झाली होती. थंडीचे दिवस, पहाटेचा चहा, बारडाच्या डोंगराच्या पायथ्याशी लागलेल्या माचाणी. (याच डोंगरात, बहरोटच्या लेण्यांत, पारशांनी एकेकाळी आपला पवित्र अग्नी दडवून ठेवला होता असं सांगतात, काका हे सांगायला कधी विसरत नाहीत.) मग लांबून हाका उठायचा. डबे, ढोल, आरोळ्या, आणि त्या आवाजापुढे धावत येणारं जनावर. लहानपणी काका वडिलांच्या मांडीला चिकटून बसायचे. त्यांना अजून तो आवाज ऐकू येतो म्हणतात.

माझ्या शेताची देखरेख करणारा म्हातारा वारली आहे, काकांच्याच आगेमागे वयाने. रायफल घ्यायचं चाललंय, हे मी त्याला मोठ्या उत्साहाने सांगितलं. तो गवत कापत होता, ते त्याने थांबवलं नाही. हाक्याला त्याचा बाप जायचा, एवढं म्हणाला. मी विचारत गेलो तसं एकेक निघत गेलं. शिकार ठरली की पाड्यातल्या घरटी एक माणूस निघायचा. पैसा मिळायचा नाही. आपलं खळं उघडं पडलेलं असलं तरी जायचं. डुक्कर उलटलं तर पुढे माचाणीवर बसलेल्यांकडे बंदूक, हाकेकऱ्यांकडे डबा. बापाच्या पोटरीवरची जखम त्याने आपल्या पोटरीवर बोट ठेवून दाखवली, एवढी. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. ती असती तर मला सोपं गेलं असतं.

तो कुणा एका घराण्याबद्दल बोलत नव्हता. जमीनदार, सावकार, जंगलाचे ठेकेदार, साहेब, सगळ्यांचीच ती रीत होती, आणि तिला वेठ म्हणत. याच पट्ट्यात ती मोडली गेली. १९४५ च्या मे महिन्यात झरीला वारल्यांची मोठी सभा भरली, आता वेठ नाही आणि लग्नगडीही नाही असं ठरलं. लग्नापुरतं कर्ज काढून जन्मभर राबणारा तो लग्नगडी. झरी तेव्हा उंबरगाव तालुक्यात होतं; पुढे राज्यं वेगळी झाली, उंबरगाव गुजरातेत गेलं आणि झरी-तळासरी आपल्याकडे राहिली. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे गेले. तळासरीत दरवर्षी त्या दिवशी लाल झेंड्याखाली माणसं जमतात.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. गोदावरी परुळेकरांचं याच लढ्यावरचं 'जेव्हा माणूस जागा होतो' मी वर्गात मुलांना समजावून दिलेलं आहे. पण ते पुस्तक माझ्या डोक्यात एका फडताळात होतं आणि कॉर्बेट दुसऱ्या. मधली फळी म्हाताऱ्याने गवत कापता कापता काढली.

मी हे काकांना सांगितलं, जरा बिचकतच. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "हा, पैसा कोण देत होता? जेवण देत होते. डॅडीला विचारायला पाहिजे होतं, पण तेव्हा कोण विचारतो?" त्यांनी सारवासारव केली नाही, हे नोंदवून ठेवतो. आमच्या पिढीतले, मीसुद्धा, यापेक्षा जास्त सफाईदार बोललो असतो.

७. बंदूक आपल्यापेक्षा जास्त वेळा पोलीस ठाण्यात जाते.

निवडणूक लागली, आदेश निघाला की हत्यार जमा. पालघर जिल्ह्यात निवडणुकांना तोटा नाही. २०१८ ची लोकसभेची पोटनिवडणूक, २०१९ मध्ये दोन, २०२४ मध्ये दोन, मधे गावपातळीवरच्या. गेल्या काही वर्षांत काकांच्या मॉझरने रान पाहिलेलं नाही, पण लोकशाही भरपूर पाहिली आहे. दर वेळी खोळीत गुंडाळून नेणं, पावती घेणं, निकालानंतर आणणं, आणून पुन्हा तेल-पाणी. काकांच्या गुडघ्यांची खरी तक्रार तीच आहे.

८. हत्यार घरात आलं की घराची माणसं बदलतात.

दिवाळीला नातवंडं येतात. कपाटाला कुलूप, किल्ली वेगळ्या जागी, काडतुसं तिसऱ्या जागी. आणि तरी सुट्टीभर आमचं दोघांचं लक्ष त्या कपाटाकडे. बायकोने विरोध केला नाही. तिने फक्त विचारलं, "किल्ली कुठे ठेवली ते तुमच्या लक्षात राहील?" चष्मा मी रोज शोधतो. यावर मी अधिक काही लिहीत नाही.

९. नाही म्हणायला हो म्हणण्यापेक्षा जास्त अभ्यास लागतो.

पितृपंधरवडा संपल्यावर मी काकांकडे गेलो आणि सांगितलं की घेत नाही. कारणं वरच्या क्रमाने नाही सांगितली. शेताच्या मागे पाडा आहे, एवढंच म्हणालो. त्यांनी मान हलवली, चहा मागवला, आणि ते मला रायफल साफ करायला शिकवायला बसले; घेणार नसलास तरी शीक म्हणाले. गज नेहमी मागून घालायचा, पुढून नाही, नाहीतर पुढच्या तोंडाचे पीळ झिजतात आणि नेम जातो. कापडाची चिंधी काळी निघायची थांबेपर्यंत थांबायचं नाही.

निकामी करून दिवाणखान्यात टांगायचा मार्गही कायद्यात आहे. तो मी सुचवून पाहिला. त्यावर त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, त्यानंतर मी दुसरा कप घेतला नाही.

रायफल अजून त्यांच्याच कपाटात आहे. परवान्याचं पुढचं नूतनीकरण जवळ आलंय आणि ते त्यांना झेपणार नाही. तेव्हा ती एखाद्या परवानाधारक विक्रेत्याकडे जमा होईल. त्याआधी तुमच्या ओळखीत कुणी असेल, चांदमारीवर नियमित जाणारा, सेव्हन एम.एम. परवान्यावर घेता येईल असा, आणि तिथून परतल्यावर पाणी तापवण्याचा कंटाळा न करणाऱ्यांपैकी, तर जरूर कळवा. नुसती हौस असलेला नको. तो इथे एक आहे.